डोक्यातला कोंडा, तोंडावरचे चट्टे आणि मेडिकलमधली ट्यूब

मागच्या वर्षी आमच्या भागातून श्रामणेर शिबिरासाठी नावे गोळा करत होतो. टोकावड्याजवळच्या एका वस्तीतला, मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला जाणारा तरुण. त्याने हौसेने नाव दिले आणि दोन दिवसांनी परत घेतले. घरी काम आहे म्हणाला. खरे कारण नंतर त्याच्या बहिणीने सांगितले. "दादा, त्याला डोकं भादरायचं नाही. डोक्यात खवडे आहेत ना त्याच्या. घरात पण टोपी काढत नाही तो."

पुढे तो स्वतः भेटला. भुवयांत पांढरे पापुद्रे होते, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घडीत फिकट, तेलकट चट्टे होते, कानामागे कातडी चिरली होती. हे सगळे माझ्या ओळखीचे. पण त्याचे गाल लालसर, पातळ आणि चकचकीत दिसत होते. उन्हात गेले की आग होते म्हणाला. चट्टे आजाराचे होते. गालांची आग मात्र त्या आजाराची नव्हती. दीड वर्ष रोज रात्री लावलेल्या एका ट्यूबची ती कमाई होती.

मी डॉक्टर नाही. गावोगाव आरोग्य तपासणीची शिबिरे भरवण्यात हातभार लावणारा कार्यकर्ता आहे, आणि हाच आजार स्वतःच्या डोक्यावर पंधरा वर्षे सांभाळतो आहे. त्वचारोगतज्ज्ञांकडून जे समजले आणि वाचून जे पक्के केले, ते इथे लिहितो. कारण आपल्या मुलांना यात आजारापेक्षा लाज आणि चुकीचे मलम यांचाच त्रास जास्त होतो, असे मला दिसते.

आजाराचे नाव सेबोऱ्हिक डर्मटायटिस. नाव अवघड, पण आजार अगदी घरोघरचा. डोक्यातला साधा कोंडा ही त्याचीच सौम्य पायरी. कोंड्याखालची कातडी सुजायला लागली, पापुद्रे पिवळट आणि तेलकट झाले, खाज वाढली आणि प्रकार डोक्यावरून भुवया, नाकाच्या कडा, कानामागची जागा, दाढी, छातीचा मधला भाग असा खाली उतरला, की डॉक्टर कागदावर हे नाव लिहितात. साध्या कोंड्याचा त्रास तर निम्म्याअधिक मोठ्या माणसांना कधी ना कधी होतोच. चेहऱ्यापर्यंत आलेला हा आजार शंभरात साधारण तीन ते पाच जणांना असतो, बायकांपेक्षा पुरुषांना जास्त, आणि तो सुरू होतो ऐन वयात येताना. म्हणजे जेव्हा आरसा सर्वात जास्त बघितला जातो तेव्हाच.

या जागा नीट बघा. शरीरावर तेल सोडणाऱ्या ग्रंथी जिथे दाट असतात, नेमक्या त्याच या जागा आहेत. हाता-पायांवर हा आजार सहसा दिसत नाही.

त्या तेलावर जगणारा एक सूक्ष्म जीव आहे, मॅलासेझिया. यीस्टसारखी ही बुरशी. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1874 मध्ये ती कोंड्याच्या पापुद्र्यांत पाहिली आणि त्याच्याच नावाने ती ओळखली जाते. 1887 मध्ये हॅम्बुर्गच्या पॉल उन्ना या त्वचारोगतज्ज्ञाने हा आजार वेगळा म्हणून मांडला. पण पुढे बराच काळ वाद चालला. ही बुरशी तर निरोगी माणसाच्या डोक्यावरही सापडते, मग तिला दोष कसा द्यायचा? 1980 च्या दशकात केटोकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध आले, त्याने बुरशी कमी झाली की कोंडाही कमी होतो आणि बुरशी वाढली की कोंडा परत येतो, हे दिसले, तेव्हा मालासेचे म्हणणे पुन्हा वर आले. 2007 मध्ये या बुरशीच्या एका जातीचा जनुकीय आराखडा वाचला गेला. त्यात एक मजेशीर गोष्ट निघाली. स्वतःसाठी लागणारी स्निग्धाम्ले बनवण्याचे मुख्य जनुकच तिच्याकडे नाही. ती पूर्णपणे आपल्या कातडीवरच्या तेलावर अवलंबून आहे.

ती हे तेल फोडते, तिला हवे ते खाते आणि उरलेली आम्ले कातडीवर सोडते. काही जणांच्या कातडीला ती आम्ले सोसतात, काहींच्या नाही. ज्यांना सोसत नाहीत त्यांची कातडी सुजते आणि घाईघाईने नवे थर बनवू लागते. एरवी कातडीचा थर साधारण चार आठवड्यांत बदलतो आणि झडताना दिसतही नाही. इथे तो अर्धवट पिकलेला, तेलाने चिकटलेला, गठ्ठ्यानेच सुटतो. तोच कोंडा.

यातून दोन गोष्टी निघतात. बुरशी सगळ्यांचीच असल्यामुळे हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. एका टॉवेलने नाही, एका उशीने नाही, शेजारी बसून जेवल्याने तर नाहीच. आणि बुरशी कायमची हाकलता येत नसल्यामुळे आजारही कायमचा जात नाही. तो आटोक्यात राहतो. मधुमेह किंवा दमा सांभाळतात तसा, पण त्याहून पुष्कळ सोपा. "मुळापासून खात्री" अशी पाटी लावून कोणी महिनोन्‌महिने पैसे घेत असेल तर तिथून उठून या.

आता तिसरी गोष्ट, जी मला जास्त बोलायची आहे. "आंघोळ करत नाहीस का?" हा प्रश्न त्या मुलाला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये विचारला गेला होता. विचारणाऱ्याने थट्टेत विचारले असेल. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांना घाण म्हणून गावाबाहेर ठेवले, त्यांच्या नातवाला हा प्रश्न साधा लागत नाही. तो घरी आला आणि रोज दोन वेळा कपड्याच्या साबणाने डोके घासू लागला. मग लिंबू चोळले. कातडी आणखी फाटली, खाज वाढली, पापुद्रे वाढले. अस्वच्छतेने हा आजार होत नाही आणि घासून तो जात नाही. उलट कडक साबणाने आणि नखांनी कातडीचे संरक्षण निघून जाते. घाम, धूळ, दिवसभर हेल्मेट किंवा टोपी, जागरण, ताण, कोरडी थंडी, यांनी तो भडकतो हे खरे. रात्रपाळी करणाऱ्या आणि कल्याणपर्यंत रोज ये-जा करणाऱ्या पोरांना तो वरचेवर का होतो, हे वेगळे सांगायला नको. त्याचा घराण्याशी, जातीशी, संस्कारांशी काही संबंध नाही.

तेलाचेही सांगतो, कारण त्यावरून प्रत्येक घरात आईशी भांडण होते. आया म्हणतात, डोके कोरडे पडलेय, तेल चोप. तेल घातले की पापुद्रे केसांना चिकटून बसतात आणि एक दिवस कोंडा गेल्यासारखा वाटतो. पण तेलावर जगणाऱ्या बुरशीला आपण ताट वाढून दिलेले असते. पापुद्रे फार जाड असतील तर आंघोळीआधी अर्धा तास थोडे खोबरेल लावावे, ते मऊ पडले की शाम्पूने धुऊन टाकावे. रात्रभर तेल ठेवू नये. मोहरीचे तेल तर या कातडीला झोंबतेच.

ओळखायची चूकही फार होते. पुस्तकांत आणि मोबाइलवर या आजाराची जी चित्रे दिसतात ती गोऱ्या कातडीची, लालभडक चट्ट्यांची. आपल्या सावळ्या-काळ्या रंगावर लाली दिसतच नाही. चट्टा आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट दिसतो. मग घरात कुजबुज सुरू होते, कोड फुटले का? कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि त्यावर पापुद्रा नसतो. इथला फिकटपणा उपचारानंतर काही आठवड्यांत भरून येतो. मानेवर, पाठीवर बारीक फिकट ठिपके आले आणि फारशी खाज नसली तर ते शिबे असू शकतात. ते याच बुरशीच्या कुळातले, पण आजार वेगळा. गजकर्णाला वर्तुळाकार उठलेली कड असते, ते मांड्या, कंबर, काख इथे जास्त दिसते आणि ते मात्र घरात एकाचे दुसऱ्याला लागते. सोरायसिसचे पापुद्रे जाड आणि चंदेरी, केसांच्या रेषेच्या बाहेर येणारे, कोपर-गुडघ्यांवरही दिसणारे.

एक डाग मात्र अजिबात अंगावर काढू नका. फिकट किंवा तांबूस चट्टा, खाज नाही, आणि त्यावर कापूस फिरवला तर कळत नाही, असा असेल तर लगेच तपासणी करून घ्या. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, वेळेत घेतले तर माणूस पूर्ण बरा होतो आणि हातापायांचे नुकसान टळते. आपल्या आशाताईंना याची माहिती असते, त्यांना दाखवायला संकोच करू नका.

आता ती ट्यूब.

त्या मुलाने ती एका मेडिकलच्या दुकानातून घेतली होती. चिठ्ठी नव्हती. "तोंडावर चट्टे आहेत, काहीतरी द्या," एवढेच सांगितले होते. पहिल्या चार दिवसांत तोंड साफ झाले, रंगही उजळल्यासारखा वाटला. बंद केली की दुप्पट आले. म्हणून पुन्हा लावली. असे दीड वर्ष. ट्यूब पाहिली तर त्यात तीन औषधे एकत्र होती, बुरशीचे, जंतूंचे आणि तिसरे कडक स्टेरॉइड. पहिल्या आठवड्यातली जादू त्या तिसऱ्याची. स्टेरॉइड सूज दाबते, म्हणून लगेच आराम पडतो. पण चेहऱ्याची कातडी नाजूक. तिथे ते महिनोन्‌महिने गेले की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे येतात, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते, उन्हात आग होते. आणि सोडायला गेले तर कातडी इतकी पेटते की माणूस घाबरून परत तीच लावतो. हे जवळजवळ व्यसनच.

हा प्रकार फक्त आपल्या भागातला नाही. 2011 मध्ये देशातल्या बारा त्वचारोग केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते. कितीतरी जणांनी ते गोरे होण्याची क्रीम म्हणून लावले होते. काळ्या रंगाची लाज कोणी शिकवली आणि त्यावर दुकाने कोणाची चालतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण लग्न ठरलेल्या मुलींच्या घरात या ट्यूब मी स्वतः पाहिल्या आहेत. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमे 'शेड्यूल एच'मध्ये आणली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला, तरी काउंटरवर विचारणारा आपणच असतो.

म्हणून ट्यूब हातात घेतली की मागचे बारीक अक्षर वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही लिहिलेले असेल तर ते स्टेरॉइड आहे. मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचता येतो. आपल्या गटातल्या मुलांना ही चार नावे पाठ असली तरी पुष्कळ झाले. स्टेरॉइड हे विष नव्हे, एवढेही सांगायला हवे. सूज फार असेल तर डॉक्टर सौम्य प्रकारचे, मोजक्या दिवसांसाठी देतात आणि ते योग्यच असते. कोणते, कुठे आणि किती दिवस, हे ठरवायचे काम दुकानदाराचे नाही. आणि जे महिनोन्‌महिने लावत आहेत त्यांनी हे वाचून आज रात्री एकदम फेकून देऊ नये. डॉक्टरला ट्यूब दाखवावी, ते उतरवत आणतात.

मग करायचे काय? पहिली पायरी शाम्पूची. केटोकोनाझोल 2 टक्के असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. लावायची पद्धत बहुतेक जण चुकतात आणि मग औषध चालत नाही म्हणतात. केसांना नव्हे, डोक्याच्या कातडीला तो लावायचा. बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. फेस तसाच पाच मिनिटे ठेवायचा आणि मग धुवायचा. लावला की लगेच तांब्या ओतला तर औषध गटारात जाते. तोच फेस भुवयांना आणि दाढीला लावून धुतला तरी चालतो, डोळ्यांत जाऊ देऊ नका. आराम पडल्यावर बंद करायचा नाही. आठवड्यातून किंवा पंधरा दिवसांतून एकदा चालू ठेवायचा. इथेच सगळे घसरतात, मीही दोनदा घसरलो. झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइडचे शाम्पूही उपयोगी पडतात, पापुद्रे जाड असतील तर डॉक्टर सॅलिसिलिक अॅसिड किंवा कोल टार असलेला देतात. चेहऱ्यासाठी केटोकोनाझोलचे साधे मलम असते, ज्यात स्टेरॉइड मिसळलेले नाही असे. घेताना हेच शब्द वापरून विचारा. कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या नावाने मागितले तर स्वस्त पडण्याची शक्यता असते, जवळ जनऔषधी केंद्र असेल तर तिथेही विचारा. केटोकोनाझोलच्या पोटात घ्यायच्या गोळ्या मात्र कोणी सुचवल्या तर घेऊ नका. त्या यकृताला इजा करू शकतात आणि या आजाराला त्यांची गरज नाही.

त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचे तर आपल्याकडच्या बहुतेकांना कल्याण किंवा ठाणे गाठावे लागते. एसटीत दिवस जातो, हजेरी बुडते. पण सुरुवातीचे हे उपचार ग्रामीण रुग्णालयातला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टरही सांगू शकतो. महिनाभर नीट करूनही फरक नाही, चट्ट्यातून पाणी येते, केस झडून डाग पडतोय, किंवा ट्यूबने कातडी बिघडली आहे, तर मग कल्याणचा फेरा टाळू नका.

लहान बाळांचे थोडक्यात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत टाळूवर पिवळे, मेणासारखे पोपडे येतात. तोही याच आजाराचा प्रकार, बाळाला त्याचा त्रास नसतो आणि बहुतेक वेळा वर्षाच्या आत तो आपोआप जातो. टाळू भरायची आपली रीत आहे, तिथे तेल साठू देऊ नका. थोडे लावून पोपडे मऊ झाले की सौम्य शाम्पूने धुवा. नखाने खरवडून काढू नका. मोठ्यांची ट्यूब तर बाळाच्या जवळही नेऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी बोलत नाही. हा आजार एकाएकी फार जोरात उठला, छाती-पाठीवर पसरला, औषधाला दाद देईना, सोबत वजन उतरतेय किंवा वरचेवर ताप येतोय, तर डॉक्टर एचआयव्हीची चाचणी सुचवू शकतात. प्रतिकारशक्ती कमी झाली की ही बुरशी मोकाट सुटते. वाचून घाबरू नका. कोंडा असणाऱ्या बहुतेकांचा याच्याशी काही संबंध नसतो. पण डॉक्टरने सुचवले तर अपमान मानू नका. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात चाचणी मोफत होते, आणि एचआयव्हीबाबतच्या 2017 च्या कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही की निकाल कोणाला सांगता येत नाही. कार्यकर्त्यांनी तरी हे माहीत करून घ्यावे. आणि कोणाच्या तोंडावर चट्टे दिसले म्हणून तर्क लढवत बसू नये.

त्या मुलाला कल्याणच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. ट्यूब सोडवायला तीन महिने गेले, पहिला महिना त्याला फार जड गेला. गाल अजून उन्हात तांबूस होतात. डोके मात्र शाम्पूने महिन्याभरातच आटोक्यात आले. यंदा त्याने पुन्हा नाव दिले आहे. देताना त्याने एक प्रश्न विचारला, आणि तो मला फार रास्त वाटला. श्रामणेराच्या दहा शीलांत सुगंध, लेप, शृंगार वर्ज्य आहेत. मग तिथे हा शाम्पू चालेल का?

उत्तर विनयपिटकातच आहे, महावग्गात औषधांविषयीच्या भागात. आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना कातडीचा रोग झाला होता. पाण्याने भरलेल्या फोडांमुळे चीवर अंगाला चिकटून बसे आणि भिक्खू ते पाण्याने भिजवून भिजवून सोडवत. बुद्धांनी ते पाहिले, विचारपूस केली आणि खाज, फोड, स्राव किंवा असा त्वचारोग असलेल्यांना औषधी चूर्ण वापरायला परवानगी दिली. जे औषध म्हणून लावायचे ते शृंगारात मोजले नाही. आमच्या भंतेजींनाही विचारले. "बाटली घेऊन ये," म्हणाले.

शिबिरे भरवणाऱ्यांसाठी तेवढे दोन शब्द. ज्याला हा त्रास आहे त्याने चार आठवडे आधी शाम्पू सुरू करावा. मुंडनाने आजार जात नाही, पण औषध कातडीपर्यंत सहज पोहोचते. ताजे भादरलेले डोके दुपारच्या उन्हात उघडे ठेवू नका. आणि प्रत्येक डोक्याला नवे ब्लेड. कोंडा ब्लेडवरून पसरत नाही, पण कावीळ बी आणि एचआयव्ही रक्ताच्या थेंबावरून पसरू शकतात, गजकर्णही एकाचे दुसऱ्याला जाते. ब्लेडचे पाकीट काही महाग नाही. शिबिराच्या खर्चात ते आधीच धरून ठेवा.